चटईची उजवी बाजू

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, मोबाईलची तडकलेली काच बदलून घ्यायला म्हणून गेलो असताना, मॉलच्या तळमजल्यावर पडद्यांच्या दुकानासमोर मी खाली बसलो. पडलो नाही, चक्कर आली नाही. आधी डावा गुडघा टेकला, मग उजवा, मग दोन्ही तळवे जुळून कपाळापर्यंत गेले आणि तिथून उतरताना उजवा तळहात डाव्या गुडघ्यावर पालथा पडला. एवढं सगळं झाल्यावर मला कळलं की आपण बसलोय. वर छतातल्या कुठल्याशा जाळीतून गाम्बुसच्या तारा वाजत होत्या. ठेका नाही, गाणारा नाही, एकटा गाम्बुस. झापिन नाचायच्या आधी वाजतो तसा. तो तसा वाजू लागला की नाचणाऱ्यानं चटईवर बसून सलाम करायचा आणि मारवास या छोट्या ढोलकीवर पहिली थाप पडेपर्यंत उठायचं नाही. बावीस वर्षांत मी एकदाही नाचलो नव्हतो. तरी देहानं मला न विचारता हुकूम पाळला होता, आणि आता तो थापेची वाट बघत बसला होता. लोक माझ्या दोन्ही बाजूंनी वाट काढत होते. फरशी गार होती. थाप पडलीच नाही. आठ-दहा सेकंदांत तारा मधूनच कापल्यासारख्या थांबल्या आणि त्याच जाळीतून एका बाईनं अतिशय प्रेमानं सांगितलं की रविवारपर्यंत पडद्यांवर चाळीस टक्के सूट आहे. मग तिथला नेपाळी पहारेकरी प्लास्टिकचं स्टूल घेऊन धावत आला, त्यानं मला काखेत हात घालून उचललं, कुणीतरी पुदिन्याची गोळी दिली, आणि एका मुलीनं विचारलं, अंकल, शुगर आहे का. मी हो म्हणालो. शुगर म्हटलं की लोकांचं समाधान होतं. घरी येताना बसमध्ये मात्र गुडघ्यांना अजून फरशीचा गारवा जाणवत होता आणि मनात एक विचित्र शरम होती, बोलावणं न आलेल्या घरी जेवायला बसल्यासारखी.

जोहोर बाहरूच्या या बाराव्या मजल्यावरच्या घरात मी एकटा राहतो. म्हणजे एकटा असं म्हणता येणार नाही. काल्सोम, माझी बायको, दोन महिन्यांसाठी मुलीकडे क्वांतानला नातवाला सांभाळायला गेली आहे, त्याला आता चार वर्षं होतील. तिच्या कुंड्यांतला पांदान मी जगवतो, ती फोनवर तो मेला का ते विचारते. पाच वेळा खाली सुराउत नमाजाला उतरतो, पाच वेळा लिफ्टनं वर येतो. लिफ्टमध्ये आरसा आहे. मधल्या वेळात घर इतकं शांत असतं की भाताच्या कुकरचं बटण वर उडालं तरी मी दचकतो. त्या दिवशी दुपारी मी तसाच खुर्चीवर बसून स्वतःच्या पायांकडे बघत राहिलो. यांना अजून आठवतंय याचा आनंद मानावा की भीती वाटून घ्यावी, कळेना. आमच्या पारित बुलुह गावात माझ्या लहानपणी दर गुरुवारी उस्ताद मार्झुकी यायचे. त्यांचं प्रवचन म्हणजे अर्धं बोलणं आणि अर्धं गाणं. पैगंबर मदिनेच्या वेशीवर आले इथपर्यंत ते साधं आपल्यातुपल्यासारखं बोलायचे, उंटाला तहान लागली होती, ऊन असं होतं, धूळ अशी होती; आणि बोलता बोलता आवाज वर चढायचा, बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं हे कुणाला सांगता यायचं नाही, पडद्यामागून बाया ओळ उचलायच्या, पुरुष उचलायचे, आणि रबराच्या बागेतून अंगठे रक्ताळून आलेली माणसं डोळे मिटून डोलायची. मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले, पण माझ्या आत देवाची जी काही जागा आहे ती त्या आवाजानं सारवलेली आहे. त्यांनीच आम्हाला झापिनची परवानगी दिली होती. कुराण पूर्ण झालं, कुणाचं लग्न ठरलं, की अंगणात केवड्याच्या पातीची लांब चटई पडायची. उस्ताद म्हणायचे, जीभ आमीन म्हणते तसं पायांनाही म्हणू द्या, पण हळू. पाय वाजता कामा नये आणि नाच संपल्यावर चटईला सुरकुती दिसता कामा नये. आणि खरंच, नाच संपला की दोन म्हातारे कंदील घेतल्यासारखे वाकून चटई तपासायचे. सुरकुती सापडली तर त्या जोडीला पुढच्या लग्नात चटई मिळायची नाही.

जोडी हा शब्द लिहिताना आजही हात थबकतो. झापिन एकट्याचा नसतो. एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा, आणि दोघांची पावलं सारखी दिसली तरी सारखी नसतात. एक जिथे जागा सोडतो तिथे दुसरा येतो. पारित बुलुहच्या झापिनची चाल दुसऱ्या कुठल्याच गावाची नव्हती. तिच्यात डावी बाजू माझी होती आणि उजवी सुरातमानची. वयाच्या सोळाव्या वर्षापासून ते एकेचाळिसाव्यापर्यंत मी नाचताना जे काही पाहिलं ते सुरातमान होता. त्याचा कान, त्याचं मनगट, घामानं पाठीला चिकटलेला सदरा. काल्सोमला मी इतकं निरखून पाहिलेलं नाही, हे ती स्वतःच सांगते.

गुरुवारी तिचा फोन आला. कुणीतरी मॉलमध्ये माझं चित्रण केलं होतं, ते हिंडत हिंडत क्वांतानला पोचलं होतं, आणि खाली कुणी लिहिलं होतं की बिचाऱ्या आजोबांना पडद्यांची किंमत बघून झटका आला. "अहो, बसायला तुम्हाला मॉलच सापडला का?" काल्सोम म्हणाली, "घरात खुर्च्या आहेत की." मग तिनं विचारलं की ते गाम्बुस ऐकून झालं ना. मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, पांदानला पाणी घाला. चित्रण आणखीही कुणीतरी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून एका बाईनं मला वाक सार म्हणून हाक मारली. वाक, म्हणजे काका, आमच्या पारितातले लोकच म्हणतात, आणि सार्बिनीचा सार करणारा एकच होता. ती म्हणाली, मी मास्तुरा, सुरातमानची मुलगी. उजवा तळहात डाव्या गुडघ्यावर पालथा ठेवणारे जगात दोनच जण होते, एक माझे वडील, म्हणून ओळखलं.

सुरातमान तीन वर्षांपूर्वी गेला. मी गेलो होतो, शेवटच्या रांगेत उभा राहून जनाज्याची नमाज पढलो आणि कुणाच्या घरचं पाणी न पिता परतीच्या बसमध्ये बसलो. त्याआधीची एकोणीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आमच्याकडे ईदला घरोघर जाऊन देहाच्या आणि मनाच्या चुकांची माफी मागायची असते. एका ओळीत सात घरं, मी सहा घरी जायचो. सातव्यापाशी आलं की मला नेमकी सिगारेट प्यायची असायची. कारण सगळ्या पारिताला ठाऊक होतं. मुआरला जिल्ह्याची स्पर्धा होती, सगळ्या गावांच्या झापिनची. गाम्बुस वाजला, आम्ही बसलो, उठलो, अलिफ अक्षरासारखे ताठ उभे राहून पुढे गेलो, मागे आलो, आणि शेवटच्या तीन वळणांना, जिथे सगळे मारवास एकदम कडाडतात, ज्याला कोपाक म्हणतात तिथे, तिन्ही वेळा सुरातमानचा पाय माझ्या मागून पडला. अर्धा श्वास, बस एवढाच. परीक्षकांनी मान हलवलेली मी पाहिली. सुरातमानचा उजवा पाय लहानपणी नारळावरून पडल्यापासून बोटभर आखूड होता. मंडपामागे, दहा-बारा लोकांसमोर, त्याची बायको चहाचे पेले घेऊन उभी असताना, मी त्याला म्हणालो, "लंगड्याला पंचवीस वर्षं चटईवर घेतलं, चूक माझीच." त्यानं कमरेचं जरीचं वस्त्र सोडलं, व्यवस्थित चौपदरी घडी घातली आणि म्हणाला, "बरं, सार." एवढंच. त्यानंतर पारित बुलुहचा झापिन कुणी नाचलं नाही, कारण तो येणारे आम्ही दोघंच होतो.

मास्तुरा नाचाच्या कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, आता शाळाशाळांतून झापिन आहे, स्पर्धा आहेत, मुली नाचतात, चमकीचे कपडे असतात, पाच मिनिटांची मर्यादा असते; सुरुवातीचा गाम्बुस आठ सेकंदांचा करतात कारण मुलं कंटाळतात. तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. तिच्याच विद्यार्थिनी नाचतात, आणि चांगल्या नाचतात, असं म्हणाली. फक्त सगळे एकच झापिन नाचतात. गावागावाचे वेगळे होते ते एकेक करून जात आहेत. कॉलेजात एक खोली आहे, तिच्यात भिंतीवर बारा कॅमेरे, अंगाला चमकणाऱ्या गोट्या बांधून माणूस नाचला की त्याची प्रत्येक हालचाल यंत्रात राहते, पन्नास वर्षांनी कुणीही ती बघून शिकू शकेल. मी म्हणालो, गुडघे गेलेत. ती म्हणाली, वाक, मॉलमध्ये बसलात ते पाहिलं मी. मला वाटलं ती मुआरबद्दल बोलेल. ती म्हणाली, "मला बाबांची बाजू कुठेच मिळत नाहीये. तुमची तरी द्या." रात्रभर त्या 'तरी'नं मला टोचलं, आणि सोमवारी सकाळी मी सुराउतूनच थेट बस पकडली.

त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंती काळ्या, जमीन रबराची, पाय वाजण्याची सोयच नाही. उस्तादांना आवडली असती, असं उगाच मनात आलं. यंत्रावर मिस तेओ नावाची चाळिशीची बाई होती, पायांत मऊ चपला, शेजारी सोयादुधाचा डबा. तिनं मला घालायला एक काळा घट्ट पोशाख दिला, मासे पकडणाऱ्या बुडीवाल्यांसारखा. मी तो हातात धरून उभा राहिलो. दोन बायांसमोर, त्रेसष्टाव्या वर्षी, पोट आणि मांड्या अशा आखून दाखवायच्या हे माझ्यानं होणार नव्हतं. तोंडानं म्हणवेना. मास्तुराला कळलं, आणि ती मिस तेओला हळूच काहीतरी म्हणाली. मग माझ्याच सैल पायजम्यावरून पट्टे बांधून त्या गोट्या लावल्या, घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, खांद्याला. मिस तेओ म्हणाली, अंकल, थोडं अंधुक येईल, चालेल. मास्तुराच्या हाताची बोटं बुटकी आणि रुंद होती. पट्टा आवळताना ती जीभ दातांत धरते. सुरातमान मारवासची दोरी आवळताना धरायचा तशीच. मी छताकडे बघत राहिलो. जमिनीवर तिनं चटई घातली होती. केवड्याच्या पातीची खरी चटई आता मिळत नाही, ही प्लास्टिकची होती, हिरवी-जांभळी, पण मापाची.

वाजवायला तिच्याकडे बाबांची एक कॅसेट होती, पारितातल्या कुठल्याशा लग्नातली, यंत्रात उतरवून घेतलेली. तारा वाजू लागल्या आणि मी बसलो. मागे कोंबडा आरवला, एक पोर रडलं, कुणीतरी खोकलं. माझा सगळा गाव त्या काळ्या खोलीत भरून आला आणि लगेच जाणवलं की त्यांतलं जवळजवळ कुणीच आता नाही. पहिली थाप पडली. मी उठलो. गुडघे कुरकुरले, पण पाय गेले, ज्या वाटेनं जायचं त्याच वाटेनं गेले, आणि दर आठ पावलांनी उजवीकडे जागा सोडत गेले. आपल्याला नाच येतो म्हणजे काय येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मला फक्त एका माणसाभोवती चालता येत होतं. तो नसताना माझं अंग पुन्हा पुन्हा बाजूला सरत होतं, रिकाम्या दारात कुणाला वाट देत राहणाऱ्या वेड्यासारखं. कोपाक आला, मी तिन्ही वळणं घेतली, बसलो, सलाम केला. दमानं छाती भरून आली होती. मिस तेओ म्हणाली, सुंदर. तिनं पडदा आमच्याकडे वळवला.

पडद्यावर ठिपक्यांचा एक माणूस होता. चेहरा नाही, कपडे नाहीत, पण तो मीच होतो. माझं पोक त्यात आलं होतं, डावा खांदा किंचित पुढे काढायची माझी सवय आली होती. तो एकटा नाचत होता, उजवीकडे जागा सोडत. मला स्वतःची इतकी कीव कधी आली नव्हती. मग मिस तेओ म्हणाली की दुसरा माणूस करणं सोपं आहे, यालाच उलटा करून शेजारी ठेवायचा. तिनं काहीतरी दाबलं आणि माझ्या उजवीकडे दुसरा ठिपक्यांचा माणूस उभा राहिला. तेच पोक, दुसऱ्या बाजूला. तोच खांदा. मी पुढे गेलो की तोही पुढे, मी मागे आलो की तोही मागे, आणि वळणावर आम्ही दोघं एकमेकांकडे वळलो तेव्हा मी माझ्याच तोंडाकडे बघत होतो. बाराव्या मजल्यावरची चार वर्षं, लिफ्टमधला आरसा, सगळं त्या पडद्यावर येऊन थांबलं. दिसायला मात्र ते नेटकं होतं. कुठेच कुणी मागे राहत नव्हतं. मुआरला आम्ही असे नाचलो असतो तर पहिले आलो असतो.

"बाबांची बाजू अशीच होती?" मास्तुरानं विचारलं.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. ती लहान होती, तिला काही आठवत नव्हतं, पारितातलेही म्हातारे गेले. मी हो म्हणायचा, मिस तेओनं बटण दाबायचं, आणि पन्नास वर्षांनी कुणी पारित बुलुहचा झापिन बघितला असता तर त्याला सार्बिनी आणि सार्बिनी दिसले असते. सुरातमान चटईवरून पुसला गेला असता, या वेळी कायमचा, आणि कुणाला वाईट शब्दही बोलावा लागला नसता. मास्तुरा पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिचा प्रश्न साधाच होता. मी म्हणालो, नाही, अशी नव्हती. मग कशी होती, असं तिनं विचारलं, आणि ते मला सांगता येईना. शब्दांत ते कुणालाच येणार नाही. मी उठलो आणि चटईच्या उजव्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

पंचवीस वर्षं मी जे बघितलं होतं ते पायांत उतरेल का, याची मला खात्री नव्हती. तारा वाजल्या, मी बसलो, आणि उठताना आपोआप डाव्या पायावर भार दिला. सुरातमान असाच उठायचा, आखूड पायाला सांभाळून. मग सगळं यायला लागलं. तो मागे येताना टाच आधी टेकवायचा. हात वर नेताना मनगट आत मोडायचा, पाखराला दाणे टाकल्यासारखं. मला या गोष्टी माहीत आहेत हे मला माहीत नव्हतं. पारितातल्या त्या कॅसेटमधला कोंबडा पुन्हा आरवला. मी सुरातमान होऊन नाचत होतो आणि माझ्या डावीकडे कुणीतरी भरभर चालत होतं, ताठ, खांदा पुढे काढून, सगळ्यांना आपण दिसावं अशा बेतानं. त्या माणसाकडे मी त्याआधी कधी या बाजूनं बघितलं नव्हतं. मग शेवटच्या तीन वळणांतलं पहिलं आलं. वळलो आणि कळलं की या बाजूनं वळलं की वाजवणारे पाठीमागे जातात. डाव्या बाजूच्याला ते समोर दिसतात. मला ते नेहमी दिसायचे. मारवासवाल्यांचे हात एकदम वर जायचे आणि मी त्या वर गेलेल्या हातांबरोबर पाय उचलायचो. हात वर जातो, मग खाली येतो, मग थाप पडते. सुरातमानला हात दिसत नव्हते. त्याला फक्त ऐकू येत होतं. तो थाप ऐकून पाय टाकत होता, जसा टाकायला हवा तसा. त्या काळ्या खोलीत, पाठीमागच्या स्पीकरच्या पेटीतून थाप पडली आणि माझा पाय तिच्यावर अलगद, बरोबर पडला. डावीकडच्या त्या खांदेकाढू माणसाचा पाय माझ्या डोळ्यांसमोर आधीच जमिनीवर होता.

पुढची दोन वळणं मी कशी घेतली ते आठवत नाही. सलाम करून तसाच बसून राहिलो. मास्तुरानं पाणी आणून दिलं. मिस तेओ यंत्राशी काही करत होती. तिनं दोन्ही माणसं एकत्र लावली, डावा सकाळचा, उजवा आत्ताचा, आणि खाली थापांच्या बारीक उभ्या रेघा आणल्या. आम्ही तिघांनी बघितलं. हे खरंच दोघं होते. एकाच्या चालण्यात बोटभर उणेपण होतं आणि त्यामुळेच त्याचं वळणं दिसायला मऊ होतं. मास्तुरा पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिनं ते ठिपके ओळखले होते. मग कोपाक आला आणि दोघांचे पाय वेगवेगळे पडले, तिन्ही वेळा, अर्ध्या श्वासाच्या फरकानं.

"उजवा बरोबर थापेवर आहे," मिस तेओ रेघांवर बोट ठेवत म्हणाली. "डावा पुढे आहे. दर वेळी तेवढाच." मग माझा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली की त्यात काही नाही, डाव्याला मागे ओढते, दोन मिनिटांचं काम, कुणाला कळणारही नाही.

कुणाला कळणारही नाही. ती भली बाई होती आणि ती मला सोडवत होती. यंत्र किती सहज करतं, मला वाटलं. एक माणूस अर्धा श्वास मागे ओढला की बावीस वर्षं सरळ होतात. मास्तुरा अजून पडद्याकडेच बघत होती. ती हळूच म्हणाली, "आमच्या घरी सगळे म्हणायचे, बाबांच्या पायामुळे गेलं. आईसुद्धा. बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते पाय पोटाशी घेऊन बसायचे." ती हे माझ्यावर टाकत नव्हती. बहुतेक तिला अजून उमगलंच नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर घरी जाताना बसमध्ये केव्हातरी तिला उमगलं असतं, किंवा उमगलं नसतं.

उस्ताद मार्झुकी प्रवचनात सांगायचे की देव माफ करतो, पण माणसाचं देणं माणसापाशीच फेडावं लागतं, आणि तो माणूस गेला असेल तर त्याच्या माणसांपाशी. मी लहान असताना हे ऐकून डोलायचो. मी आता प्लास्टिकच्या चटईवर, गोट्या बांधलेला, घामेजलेला बसलो होतो.

"ओढू नका," मी मिस तेओला म्हणालो. मग मास्तुराकडे वळलो. "तुझे बाबा मागे नव्हते. मी घाई करायचो. मला हात दिसायचे. त्यांचा पाय कधीच चुकला नाही, पोरी, चुकला तो माझा. आणि मुआरला मी त्यांना जे बोललो ते तू ऐकलं असशील."

ती कॉलेजातली शिक्षिका, पन्नास मुलींना रांगेत उभी करणारी. तिनं मान खाली घातली आणि हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, लावलं. ती म्हणाली, "मी ऐकलं होतं. मी तिथेच होते, आईच्या मागे. सहा वर्षांची." तिनं मला माफ केलं असं मी सांगणार नाही. तसं काही ती बोलली नाही, आणि मी मागितलं ते शब्दही धड नव्हते. मिस तेओ सोयादुधाच्या डब्याकडे बघत होती. मग मास्तुरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि शिकवणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "मग वाक, तुमची बाजू पुन्हा करावी लागेल. अशी चुकीची ठेवता येणार नाही."

खरं होतं. मी सकाळी जे दिलं होतं ते पारित बुलुहचं नव्हतं, माझ्या घाईचं होतं. गुडघे सुजले होते. दोन्ही तळपाय बधिर. मी डाव्या टोकाला जाऊन उभा राहिलो. कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लागली, आणि या वेळी मास्तुरानं पेटी हलवून बरोबर तिथे ठेवली जिथे पारितात वाजवणारे बसायचे. मी बसलो, सलाम केला, उठलो, अलिफसारखा ताठ होण्याचा प्रयत्न केला, झालो नाही, चाललो. उजवीकडे जागा सोडत गेलो. ती जागा मला आता आतून माहीत होती. तिथे कुठल्या पावलाला टाच टेकते, कुठे मनगट मोडतं, सगळं. कोपाक जवळ आला. पेटीत हात नव्हते, तरी माझ्या डोळ्यांपुढे ते उठले, काळे, राठ, आता मातीत गेलेले, आणि माझा पाय त्यांच्याबरोबर वर गेला, पंचवीस वर्षांच्या सवयीनं. तो तिथेच धरून ठेवला. गुडघा थरथरायला लागला. थाप अजून पडली नव्हती. समोर कुणी नव्हतं. मी त्याच्यासाठी थांबलो.